चोपन्न जादा

“हीटर बंद केलात?” मी विचारलं.

“पाचच मिनिटं,” हे म्हणाले. “आकडा जरा जास्तच पळतोय.”

आकडा म्हणजे स्टिअरिंगच्या मागे पडद्यावर दिसतो तो. बॅटरीत उरलेल्या विजेवर गाडी अजून किती किलोमीटर जाईल, ते तिथे लिहून येतं. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण वजाबाकी येते. घरापासून आम्ही अडतीस किलोमीटर आलो होतो आणि आकडा सत्त्याहत्तरने उतरला होता. पुढे जायचं होतं एकशे बावीस. पडद्यावर होतं एकशे एकवीस.

“अहो, हे पुरत नाही.”

“पुरेल. हीटर बंद केला की वर येईल.”

“येईल म्हणजे? येईल का आला?”

बाहेर उणे नऊ होतं. रस्त्याकडेच्या गवतावर बर्फाची पांढरी साय धरली होती आणि सूर्य होता कुठेतरी, पण नुसता नावाला. पाच मिनिटांत माझे पाय गार पडले. दहा मिनिटांत आमच्याच श्वासांनी समोरची काच धुरकटली आणि मी ओढणीच्या टोकाने ती पुसत बसले.

चार वाजता माझ्या ताईला ऑपरेशनला आत नेणार होते. त्याआधी मला तिच्यासमोर उभं राहायचं होतं. बाकी जगात काय चाललंय याच्याशी मला त्या दिवशी काही देणंघेणं नव्हतं.

सकाळी पावणेदहाला भाचीचा फोन आला. त्या घरातून अकरा वर्षांत आलेला पहिला फोन. मी मशीनवर शाळेच्या गणवेशाच्या बाह्या जोडत होते. “मावशी,” ती म्हणाली, “आईची हृदयाजवळची मोठी शीर फाटत चाललीय. सर्जन बाहेरगावाहून येतायत, चारला आत घेतील. डॉक्टर म्हणाले, कुणाला भेटायचं असेल तर आजच बोलवा.” मग जरा थांबून म्हणाली, “ती तुझं नाव घेतेय.”

माझ्या हातातली बाही तशीच सुईखाली राहिली.

बस साडेआठची गेलेली, पुढची तीनची. मी म्हटलं टॅक्सी बोलवा. तर हे चपला सरकवत अंगणात गेले, गाडीत डोकावले आणि तोंडभर हसत परत आले. “टॅक्सी कशाला? दोनशे चौदा दाखवतंय! अंतर एकशे साठ. चोपन्न जादा!”

आमच्या यांची गोष्ट सांगायची तर एका ओळीत संपते. चौतीस वर्षं वीज कंपनीत मीटर वाचले. घरोघर जायचं, जिन्याखाली वाकायचं, टॉर्च मारायची, आकडा लिहायचा. गल्लीत पोरंटोरं यांना रीडिंगकाका म्हणतात. दोनदा कुत्रा चावला, एकदा जिन्यावरून पडले, पण कुलूपबंद घराचं रीडिंग अंदाजे कधी टाकलं नाही. पुन्हा जायचे, तिसऱ्यांदा जायचे. “माणसं थापा मारतात, मीटर नाही,” हे यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या लग्नाच्या वयाएवढं जुनं असेल ते. घरात कोण काय म्हणतं त्यापेक्षा भिंतीवरचं काय म्हणतं याच्यावर यांचा भरवसा जास्त. मला ताप आला की कपाळाला हात लावण्याआधी थर्मामीटर शोधतात.

बॅटरीवरची ही गाडी आम्ही वसंतात घेतली, कुणाची तरी वापरलेली. थंडी तिने आमच्याकडे पाहिलीच नव्हती. दहा दिवसांपूर्वी शेवटची बाहेर काढली, तेव्हा ऊन होतं. काल संध्याकाळी यांनी ती पूर्ण भरली आणि भरल्याबरोबर केबल काढली, गुंडाळली, कापडी पिशवीत घालून माळ्यावर टाकली. भरलं की काढायचं, प्लग भिंतीत लटकत ठेवायचा नाही. खात्यातली शिस्त. रात्रभर गाडी अंगणात तशीच.

आणि मी? मी काय केलं तेही सांगते. भाचीचा फोन ठेवला, कपडे पिशवीत कोंबले आणि खिडकीतून ओरडले, “ती सीट बर्फाची लादी झाली असेल! मी बसायची नाही त्यात!” म्हणून हे बिचारे गेले आणि माझ्यासाठी हीटर लावून ठेवला. मी आवरेपर्यंत तासभर चालू होता तो, गाडीच्याच बॅटरीवर. मी बसले तेव्हा सीट मस्त गरम होती आणि आकडा एकशे अठ्ठ्याण्णव झाला होता. “अजून अडतीस जादा आहेत,” हे म्हणाले. मी खूश झाले होते. खोटं कशाला बोलू?

आता मात्र हीटरच्या बटणावरून आमची झकाझकी सुरू झाली. काचेतून दिसेनासं झालं की हे दोन मिनिटं हीटर लावायचे. आकडा लगेच तीनाने, चाराने खाली. मग बंद. मग माझी ओढणी. वेग यांनी सत्तरावरून पन्नासावर आणला, कारण हळू चाललं की कमी लागते म्हणे. मागून ट्रक भोंगे वाजवत अंगावर यायचे आणि शिव्या घालत पुढे जायचे. हे मान खाली घालून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेले. अधूनमधून आकडा मोठ्याने वाचायचे. “अठ्ठ्याहत्तर.” थोड्या वेळाने, “चौऱ्याहत्तर.”

“वाचू नका हो! कानात शिसं ओतल्यासारखं वाटतंय मला!”

वाचायचे थांबले. पण ओठ हलत होते.

घरापासून अठ्ठ्याण्णव किलोमीटरवर एक पेट्रोल पंप आहे, त्याच्या मागे चार्जर. तिथे वळलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. बासष्ट किलोमीटर उरले होते आणि आकडा होता चाळीस. हे उतरले, गारठलेल्या बोटांनी ती जाड वायर ओढून गाडीला लावली. पडद्यावर आलं : दोन तास वीस मिनिटं.

“चुकून आलं असेल,” मी म्हटलं. “मागे नाही का, उन्हाळ्यात इथेच थांबलो होतो, चहा पिईपर्यंत झालं होतं!”

पलीकडे एक कुरिअरवाली तिच्या व्हॅनची वायर काढत होती. तिशीतली असेल, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. ती म्हणाली, “काकू, बॅटरी गारठलीय. गारठली की वीज घेत नाही ती पटकन. गाडी रात्री बाहेर होती का?”

“हो,” हे म्हणाले.

“केबल लावून ठेवायची ना काका! मग ती घरच्या विजेवर स्वतःला ऊब देते. आणि निघायच्या आधी हीटरपण केबल लावूनच चालवायचा.”

“पण आकडा दोनशे चौदा होता,” हे म्हणाले.

“तो मागच्या फेऱ्यांवरून काढलेला असतो, काका. मागच्या वेळी ऊन असेल. गाडीला काय माहीत उद्या थंडी पडणार?” ती सहज बोलली, तिच्या मनात काही नव्हतं. “या दिवसांत मी निम्माच धरते.”

हे मान हलवत ऐकत होते, शाळेत उभं केल्यासारखे. मग हळूच म्हणाले, “म्हणजे तो अंदाज होता.” कुरिअरवालीला कळलं नाही. मला कळलं. चौतीस वर्षं ज्यांनी अंदाजे रीडिंग लिहिलं नाही, त्यांना मोटारीने अंदाजाने गंडवलं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला हसू फुटलं असतं.

त्या दिवशी मी काय बोलले ते ऐकवत नाही. पण बोलले. “चोपन्न जादा! चोपन्न जादा! नाचत आला होतात अंगणातून! टॅक्सी म्हटलं होतं मी! माझी ताई तिकडे जातेय आणि तुम्ही आकडे वाचताय!” पंपावरचा माणूस काचेमागून बघायला लागला. हे वायर नीट बसलीय का ते बघत राहिले. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

कुरिअरवाली उलट्या दिशेला जाणार होती. शहरातल्या टॅक्सीवाल्यांना फोन लावले, दोन तासांच्या आत कुणी यायला तयार नव्हतं. मी पंपाच्या दुकानात उभी राहून भाचीला फोन केला.

“कुठपर्यंत आलात?” तिने विचारलं.

“येतोय. साडेतीनपर्यंत पोचतो. कशी आहे?”

“शुद्धीवर आहे. बोलवत नाही फारसं, पण सगळं ऐकतेय. मावशी, फोन लावू का तिच्या कानाला? बोलतेस का?”

हा क्षण मी किती वेळा परत मागितलाय ते माझं मला माहीत. फोन हातात होता. ताई त्या टोकाला होती, जिवंत, ऐकत होती. आणि मी म्हटलं, “नको गं. असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात. मी येतेच आहे ना. समोर बसून बोलते.”

“बरं,” भाची म्हणाली. “सांगते तिला.”

काउंटरशी कोमट चहा घेतला. तो तिथेच ठेवून मी बाहेर आले. हे गाडीत बसले नव्हते. चार्जरसमोर उभे होते, कानटोपी नाही, हात काखेत, नाक लाल. आत या म्हटलं तर म्हणाले, “बघतोय.” त्या खोक्याकडे बघून वीज लवकर येणार होती का? पण आयुष्यभर तेवढंच केलं होतं माणसाने, मीटरसमोर उभं राहायचं.

सव्वादोन वाजले. आकडा एकाहत्तर झाला होता. बासष्ट लागणार.

“अजून अर्धा तास थांबू,” हे म्हणाले. “मधे चढ आहे. हा आकडा आता मी धरत नाही.”

“अर्धा तास थांबलो तर चार वाजतील! चला!”

“अगं, रस्त्यात अडकलो तर—”

“चला म्हणतेय ना! नाहीतर मी चालत जाते!”

त्यांनी वायर काढली. हे लिहून ठेवायला हवं की वायर त्यांनी काढली, पण काढायला लावली मी.

हीटर अजिबात लावायचा नाही, असं न बोलता ठरलं. घरून आणलेली रजई मी गुडघ्यांवर घेतली, अर्धी त्यांच्या मांडीवर टाकली, त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली. पन्नासाच्या वर काटा जाऊ दिला नाही. पहिले वीस किलोमीटर आकडा शहाण्यासारखा वागला आणि माझ्या जिवात जीव आला. मी मनातल्या मनात ताईशी बोलायला लागले. मग चढ आला, समोरून वारा आला आणि आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला. एकोणतीस, एकवीस, चौदा. चढ संपता संपता पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा आल्या. गाडीने आणखी थोडं ओढलं, मग आवाज न करता हळू होत गेली. यांनी ती कडेला घेतली आणि ती थांबली. तीन वाजून चौदा मिनिटं. शहर अठरा किलोमीटर.

हे उतरून रस्त्यात उभे राहिले, दोन्ही हात वर करून. गाड्या बाजूने जात होत्या. एकाने भोंगा दिला. मी भाचीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत. बोटं इतकी बधिरलेली की नाव सापडेना, तिसऱ्यांदा भलत्याच माणसाला लागला.

साडेतीनला तिने उचलला.

“अगं, आता लाव फोन कानाला! लाव पटकन, मी बोलते!”

“मावशी…” ती रडत होती. “आत्ताच आत नेलं. सर्जन लवकर आले. पाच मिनिटं झाली गं. मी दारापर्यंत गेले होते, फोन बाकावर राहिला.”

“काही बोलली?”

“विचारलं, आली का. मी म्हटलं, पोचतेच आहे.”

यांनी दार उघडून आत बघितलं आणि माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं. शेजारी येऊन बसले. काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या, आता पुसायचीही गरज नव्हती.

“तुम्हाला एक सांगायचंय,” मी म्हटलं. अकरा वर्षं नवऱ्यापासूनही लपवलेलं होतं ते, पण आता पोटात मावेना. “आई गेली त्या दिवशी ताईचा सकाळी फोन आला होता. लगेच निघू का, म्हणाली. मी म्हटलं, उद्या आलीस तरी चालेल, आई बरी आहे.”

“तुला कुठे माहीत होतं त्या दुपारी…”

“माहीत होतं. डॉक्टर सांगून गेले होते. मी मुद्दाम म्हटलं. आजारपणात गू-मूत मी काढलं, आठ महिने, आणि ताई दाराशी आली की आईचा चेहरा उजळायचा. मला वाटलं, शेवटचा एक दिवस तरी आई माझ्या एकटीची असू दे. एक दिवस! आणि ताईला आईचं तोंड बघायला मिळालं नाही. अकरा वर्षं ती रागावलीय माझ्या निष्काळजीपणावर. निष्काळजी नव्हते हो मी. हेच सांगायचं होतं तिला.”

यांनी घसरलेली रजई माझ्या गुडघ्यांवर ओढली. मग म्हणाले, “त्यांना ठाऊक असेल ते.”

“कसं?”

“मोठ्या बहिणीला ठाऊक असतं. तरी बोलावलं ना तुला.”

मग मी रडले. हमसून हमसून, पोरीसारखी. यांनी रजई माझ्या खांद्यांवर घातली आणि पुन्हा रस्त्यात जाऊन उभे राहिले. कितीतरी वेळ उभे होते. अंग थडथडत होतं त्यांचं, लांबून दिसत होतं, तरी हात खाली घेतले नाहीत. शेवटी सव्वाचारला बेकरीचा एक टेम्पो थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी एकच जागा होती, तिथे मला बसवलं आणि हे मागे पावाच्या रिकाम्या ट्रेच्या मधे बसले. टेम्पोत हीटर नव्हता, मागे तर काचही नव्हती.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पाचला पाच मिनिटं कमी होती. भाची जिन्याच्या तोंडाशी उभी होती. अकरा वर्षांत पोरगी बाई झाली होती आणि नाक-डोळे सगळे ताईचे. तिने नुसती मान हलवली. “साडेचारला,” म्हणाली. “टेबलावरच.”

मला वाटलं होतं मी किंचाळेन. तसं काही झालं नाही. पाय चालत राहिले. लांब पॅसेज, टोकाला एक खोली, दाराशी एक नर्स. “बहीण ना?” ती म्हणाली. “अजून हलवलेलं नाही. बसा जाऊन. अंग अजून गरम आहे.”

दार अर्धं उघडं होतं. पांढऱ्या चादरीखाली ताईचा आकार दिसत होता आणि बाजूला आलेला एक हात, तळवा वर. मी आत पाऊल टाकलं आणि थांबले. माझे हात निळे पडले होते. गालाला लावून बघितले, बर्फ नुसते.

“काय झालं?” भाचीने विचारलं.

“असे नको लावायला तिला,” मी म्हटलं. “थांब जरा.”

मी हात एकमेकांवर चोळले, तोंडाची वाफ घातली. काही उपयोग होईना. तेव्हा हे मागून पुढे आले. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत यांनी माझा हात धरलेला मला आठवत नाही. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, पण त्यांचेही तसेच होते. मग त्यांनी कोटाची बटणं काढली, स्वेटर वर केला आणि माझे हात शर्टाच्या आत, उघड्या पोटाशी धरले. अंगावर सरसरून काटा आला त्यांच्या. दात आवळले, पण हात सोडले नाहीत. नर्स बघत होती, भाची बघत होती.

“झाले का?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“अजून नाही,” मी म्हटलं.

“असू दे,” हे म्हणाले, आणि आम्ही तसेच दारात उभे राहिलो.